व्यासरावांची देणगी

व्यासराव आमच्या विभागात यायचे तेव्हा आधी त्यांचा ड्रायव्हर आत यायचा. खांद्यावरच्या पंच्यानं तो प्रोफेसरांच्या टेबलासमोरची खुर्ची पुसायचा, ती बरोबर पंख्याखाली सरकवायचा आणि मगच बाहेर जाऊन मोटारीचं दार उघडायचा. तेवढ्या वेळात आमचे प्रोफेसर वेंकटाचलम उठून उभे राहिलेले असायचे. कोटाचं वरचं बटण लावलेलं असायचं, आणि मद्रासच्या एप्रिल महिन्यात गळ्यापर्यंत बटण लावलेला माणूस जसा दिसतो तसे ते दिसू लागलेले असायचे. मग व्यासराव यायचे. बुटके, गोरे, कपाळावर अंगाऱ्याची उभी काळी रेघ, कानांत हिऱ्याच्या कुड्या, खांद्यावर जरीचं अंगवस्त्र. बसताना ते मागे वळून खुर्चीकडे बघत नसत. खुर्ची तिथं असणारच, अशी त्यांची जन्मभराची खात्री होती.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत माझं मत बदलावं असं त्यांनी काही केलंही नाही. तरी त्या दिवसांविषयी लिहायला बसलो की भली भली माणसं धूसर होतात आणि हेच येऊन समोर बसतात.

मी तेव्हा पुण्याहून मद्रासला एका कॉलेजात भूशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आलो होतो. तिरुवल्लीकेणीत दोन खोल्या घेतल्या होत्या, तमिळ मोडकंतोडकं येत होतं. व्यासराव तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून पिढ्यान् पिढ्या लोटलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी वाटायची आणि तिला हेल मात्र तमिळचा असायचा. ‘सगळे’ला ते ‘अस्के’ म्हणत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. म्हणत, “काय पुणेंकर, आमची भाषा समजतें कां?” समजते म्हटलं की म्हणत, “तुमची मात्र आम्हांस समजत नाहीं. फार बिघडविली तुम्हीं.”

त्यांचा धंदा खडीचा. पल्लावरमच्या टेकड्यांत त्यांच्या खाणी होत्या. तिथला निळसर करडा दगड फार कठीण. तो फोडून शहरातल्या रस्त्यांना पुरवायचा. मद्रासचे निम्मे रस्ते आपल्या दगडावर उभे आहेत असं ते सांगत, आणि उरलेले निम्मे खचतात ते त्यामुळेच, असंही सांगत. या धंद्यातून आलेल्या पैशातून त्यांनी वडिलांच्या नावानं आमच्या विभागाला एक देणगी दिली होती. ‘हनुमंतराव स्मारक भूशास्त्र उमेदवारी’ असं तिचं लांबलचक नाव. दर उन्हाळ्यात चार विद्यार्थ्यांनी सरकारी जमिनीवर जाऊन राहायचं, दगडांचे थर तपासायचे, नकाशे काढायचे, आणि त्यांच्या खाण्याराहण्याचा नि बसभाड्याचा खर्च या निधीतून व्हायचा.

ही उमेदवारी किती मोलाची होती ते सांगितलं नाही तर माझ्या रागाला अर्थ राहणार नाही. सर्वेक्षण खात्यात नोकरी मागायला गेलं की पहिलाच प्रश्न यायचा, जमिनीवर प्रत्यक्ष काम किती केलंय? आमची बहुतेक मुलं देवळातल्या स्वयंपाक्यांची, शाळामास्तरांची, पोस्टमनची. दगड त्यांनी पाहिलेले ते आमच्या कपाटात, चिठ्ठी चिकटवलेले. मद्रासच्या आसपास सरकारी जमीन मुबलक होती. टेकड्या होत्या, राखीव जंगल होतं, तळ्यांच्या काठची कुणाच्याही नावावर नसलेली, तिकडे जिला ‘पोरंबोक’ म्हणतात ती जमीन होती. तिथं कुणी हाकलत नाही. पण दोन महिने तिथं राहायचं कशावर? व्यासरावांच्या पैशावर. दुसरं कुणी द्यायला तयार नव्हतं. देवळाच्या गोपुराला, अन्नछत्राला देणारे पुष्कळ होते; पोरांनी उन्हात दगड बघत हिंडावं म्हणून पैसे देणारा एवढा एकच माणूस त्या शहरात निघाला, आणि तो हा.

वडिलांविषयी ते बोलू लागले की मला खाली मान घालावी लागे. हनुमंतराव तंजावर जिल्ह्यात महसूल खात्यात कारकून होते. त्या जिल्ह्यात दगड औषधालाही सापडत नाही. सगळा कावेरीचा गाळ. पण मुलाच्या तोंडी हे गृहस्थ ‘भूमीचे उपासक’ झाले होते. ते मातीचा वास घेऊन खाली काय आहे ते सांगत, अशी एक गोष्ट पहिल्या वर्षी मी ऐकली. तिसऱ्या वर्षी ते डोळे मिटून सांगू लागले होते.

व्यासरावांचं एक ठरलेलं वाक्य होतं. चेक टेबलावर ठेवला की ते म्हणत, “देणारा मी कोण? देणारा तो.” आणि उजव्या हाताचं बोट वर करत. मग थांबत. बोट वरच. आपण काही बोलेपर्यंत ते खाली येत नसे. प्रोफेसर घाईघाईनं म्हणत, “नो सर, नो सर, तुम्हीच. तुमच्याशिवाय कोण?” मग बोट हळूहळू खाली येई आणि व्यासराव अंगवस्त्र सारखं करत. हे मी इतक्या वेळा पाहिलं की प्रोफेसरांना एखाद्या दिवशी खोकला आला तर काय होईल, याची मला काळजी वाटे.

तशी वेळ एकदा आली. खोकल्यामुळे नव्हे, तुळजामुळे.

तुळजा आमच्या विभागातली पहिली मुलगी. तीही तंजावरकडची मराठीच; तिकडच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या परक्या माणसालाही मामा म्हणणारी. वडील मैलापूरला एका शाळेत गणित शिकवत. सडपातळ, काळीसावळी, दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ती सवय त्या काळी मुलींना शोभत नाही असं मानलं जाई. त्या वर्षी प्रोफेसरांनी उमेदवारीसाठी निवडलेल्या चारांत तिचं नाव होतं, म्हणून चौघांना व्यासरावांसमोर उभं केलं होतं. चेक टेबलावर आला. बोट वर गेलं. “देणारा मी कोण? देणारा तो.” प्रोफेसर तोंड उघडणार इतक्यात तुळजानं त्या बोटाच्या रोखानं वर पंख्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाली, “खरें आहे, मामा.”

व्यासरावांचं बोट तसंच. मग ते खाली आलं, पण नेहमीसारखं हळूहळू नाही, एकदम. त्यांनी प्रोफेसरांना तमिळमध्ये विचारलं, “ही पण जाणार?”

“सर, मार्क सगळ्यांत जास्त तिचेच आहेत.”

“आमच्यांतली पोर डोंगरांत हिंडणार? अय्यो! लोक काय म्हणतील?” हे माझ्याकडे वळून, मराठीत. जणू मी लोकांचा प्रतिनिधी.

तुळजाचं नाव त्यांनी तिथल्या तिथं खोडायला लावलं. ती नमस्कार करून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला की मुलीला घ्या. प्रोफेसरांना वाटलं, देवानं बुद्धी दिली. बुद्धी देवानं नव्हे, मणीनं दिली होती, हे नंतर कळलं. मणी हा व्यासरावांचा फोटोग्राफर. हातोडा घेतलेली मुलगी पेपरात हटकून छापतात, असं तो त्यांना म्हणाला होता.

मणीशिवाय व्यासराव कुठेही देणगी देत नसत. आणखी एक त्यांची अट असे. उमेदवारीवरच्या मुलांनी उन्हासाठी ज्या सोला टोप्या घालायच्या त्यांवर पुढच्या बाजूला तमिळ आणि इंग्रजी अक्षरांत हनुमंतरावांचं नाव लाल रंगात रंगवलेलं असे. श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला खेड्यांतली माणसं त्या टोप्या बघून पोरांना विचारत, हे कोण उभे राहिलेत, चिन्ह काय? एका म्हातारीनं तर सांगून टाकलं की मागच्या खेपेस ज्याला मत दिलं त्यानं विहीर दिली नाही, यांनाही देणार नाही. त्यानंतर मुलं टोप्या उलट्या घालू लागली. ऊन डोळ्यांवर येई, पण निवडणूक टळे.

त्या उन्हाळ्यात मी देखरेखीला होतो. मुक्काम श्रीपेरुंबुदूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत. तुळजा आणि सोबतीला आलेली तिची विधवा आत्या शाळामास्तरांच्या घरी. तिथं तळ्याला पाणी आणणारा एक जुना पाट आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि त्याच्या दोन्ही काठांना पांढरट मऊ दगडाचे पापुद्रे उघडे पडतात. त्या पापुद्र्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या पाल्याचे ठसे सापडतात. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या कपाटात तसे ठसे कितीतरी होते.

तुळजाला जे सापडलं ते वेगळं होतं. पाल्याची एक डहाळी, आणि तिच्याच टोकाला जडलेलं बोंडासारखं काहीतरी. मी ते पाहिलं तेव्हा मला एवढंच वाटलं की छान आहे. तुळजानं मला जवळ बसवलं. म्हणाली, “सार, पाला ठाऊक आहे. बोंड निराळें सांपडतें, तेंही ठाऊक आहे. पण दोन्हीं एकाच झाडाचीं हें कोणास ठाऊक होतें? हा सांधा बघा.”

खरंच, डहाळी आणि बोंड यांमधला सांधा स्पष्ट दिसत होता. करंगळीच्या नखाएवढा. प्रोफेसरांना निरोप गेला. ते बसनं आले, कोट काढून पाटात गुडघ्यांवर बसले, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांच्या पँटीला दोन पांढरे गोल लागलेले होते आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. उत्तरेकडच्या एका तज्ज्ञांना हे दाखवायचं ठरलं. पण तो दगड इतका नाजूक की हातोड्यानं काढणं शक्य नव्हतं. तुळजा खालून सुरीनं कोरत होती, वरून ओला कागद आणि प्लास्टरचा थर देणार होती. रोज सकाळी ऊन तापायच्या आधी ती तिथं बसे आणि तिची आत्या काठावर छत्री धरून बसे, पोरगी एवढी कशाला खरवडतेय हे न समजता, पण कावळे हाकलत.

आणि रविवारी काळी मोटार आली.

व्यासरावांना दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं की असा नवा ठसा सापडला की त्याला माणसाचं नाव देतात, लॅटिनमध्ये, आणि ते नाव जगभरच्या पुस्तकांत कायम राहतं. तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. गोपुरावरचं नाव पावसानं जातं, रस्त्याचं नाव नवा मंत्री बदलतो. पण पाल्याचं नाव कोण बदलणार? दर भेटीत ते विचारत, “अप्पांचें नांव द्यावयाजोगें कांहीं मिळालें कां?” आणि दर खेपेला प्रोफेसर म्हणत, अजून नाही सर.

त्या दिवशी प्रोफेसर त्यांना पाटाच्या वरच्या अंगानं आणत होते आणि मोठ्या आनंदानं काही सांगायचा प्रयत्न करत होते. मी काठावर होतो, आत्याच्या शेजारी. मला ऐकू येत होतं, “सर, या वेळी एक गोष्ट...” आणि व्यासराव हात हलवून म्हणत होते, “आधी फोटो. ऊन जाईल.” मणीनं पाटात उतरून डोळे बारीक करून इकडेतिकडे पाहिलं आणि नेमका तुळजा बसली होती तोच काठ त्याला पसंत पडला. तिथं पांढऱ्या दगडावर उजेड छान पडला होता.

व्यासरावांनी एका मुलाचा हातोडा मागून घेतला.

तुळजा उठून उभी राहिली. “मामा, येथें नको. तिकडला दगड घ्या.”

“उजेड येथें आहे म्हणतो तो.”

“येथें काम चाललें आहे.”

“म्हणून तर येथें घ्यावयाचा,” व्यासराव म्हणाले, आणि तिला खांद्यानं बाजूला सारून वाकले. प्रोफेसर “सर, सर” म्हणत घसरत खाली येत होते. मणीनं एक फोटो हातोडा उगारलेला घेतला. मग म्हणाला, मारल्यासारखं करा. व्यासरावांना ‘केल्यासारखं’ हा प्रकार ठाऊक नव्हता. त्यांनी मारला.

आवाजसुद्धा झाला नाही. नुसतं ‘फस्’. भाजलेल्या पापडासारखा तो काठ चुरडला आणि त्याची भुकटी त्यांच्या पायांवर, धोतरावर उडाली. व्यासरावांनी सरळ होऊन हातोड्याकडे कौतुकानं पाहिलं.

“अगदींच मऊ,” ते म्हणाले. “आमच्या पल्लावरमचा असता तर हातोडा मोडला असता.”

प्रोफेसर पोचले होते. ते खाली बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. व्यासरावांनी रुमालानं मान पुसली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, “मग प्रोफेसर, यंदा तरी कांहीं नवें सांपडलें कां?”

प्रोफेसर वेंकटाचलम म्हणाले, “नाही सर. अजून नाही.”

त्या घटकेला मला प्रोफेसरांचीही किळस आली, आणि ती मी लपवणार नाही.

“सांपडलें होतें,” तुळजा म्हणाली.

व्यासरावांचा चेहरा उजळला. “होय? कोठें आहे?”

“तुमच्या धोतरावर.”

त्यांनी खाली पाहिलं. आधी हसले, पोरीनं थट्टा केली असं वाटलं असावं. मग आमच्या तोंडांकडे पाहिलं, एकेकाच्या, कुणीतरी ‘नो सर’ म्हणावं म्हणून. कुणी म्हणेना. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

“मज कोणीं सांगितलें नाहीं!” ते ओरडले. “अस्के मुके होतां काय? मी पैसा देतों आणि मज सांगत नाहीं?” आणि मोटारीकडे जाताना धोतर झटकू लागले. दोन्ही हातांनी, जोरजोरात. तुळजा त्यांच्यामागून जाऊन ते जिथं जिथं पडलं तिथलं वेचत होती. वेचलेलं आत्याच्या डब्याच्या फडक्यात बांधलं. त्यातून काही निघणार नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. उगारलेला हातोडा, खाली ओळ: दात्याच्या उपस्थितीत संशोधन. माझी बायको तो बघून म्हणाली, “हातोडा धरलाय बघा कसा, संध्येची पळी धरावी तसा.” मला मात्र हसू आलं नाही.

मुलांनी उरलेला उन्हाळाभर तो पाट खालीवर तपासला. पाला मिळाला, बोंडं मिळाली, सांधा मिळाला नाही. आणि पावसाळ्यानंतर व्यासरावांचा निरोप आला की त्या मुलीनं चारचौघांत आपला अपमान केला, तिनं घरी येऊन माफी मागितल्याशिवाय पुढच्या वर्षीची उमेदवारी निघणार नाही.

प्रोफेसर दोन दिवस तिला सांगायला धजले नाहीत. शेवटी मी सांगितलं. मला वाटत होतं ती उसळेल. ती म्हणाली, “पुढल्या वर्षीं कोण कोण आहेत?” मी नावं सांगितली. त्यांतला एक मुलगा कँटीनमध्ये टेबलं पुसून फी भरत होता. “सरी,” ती म्हणाली, म्हणजे बरं. “केव्हां जावयाचें?”

मैलापूरला तळ्याजवळ व्यासरावांचं घर. मधल्या दालनात मोठा झोपाळा, त्यावर ते बसलेले. भिंतीशी दोन-चार भेटीला आलेली मंडळी. मी आणि प्रोफेसर दाराशी उभे. तुळजानं नमस्कार केला आणि म्हणाली, “मामा, मी तुम्हांस उलट बोललें. चुकलें.”

“मोठ्यानें,” व्यासराव म्हणाले. “मामीस ऐकूं गेलें नाहीं.”

तिनं पुन्हा म्हटलं. मामी, म्हणजे त्यांची बायको, आतून दारात आली होती. तिनं पटकन मान खाली घातली. “पोदुम,” ती नवऱ्याला तमिळमध्ये म्हणाली. पुरे. पण तेवढ्यात माडीवरून त्यांचे कुणी पाहुणे उतरले, आणि व्यासराव त्यांना म्हणाले, “या, या. ही पोर काय म्हणतें ऐका.” झोपाळा चालूच होता. तुळजानं तिसऱ्यांदा म्हटलं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. धडा म्हणून दाखवावा तसं. त्या झोपाळ्याची एखादी कडी निसटावी असं मला इतकं मनापासून वाटलं की मी वर बघितलं.

व्यासराव प्रसन्न झाले. “पोर गुणाची आहे. कॉफी द्या.”

कॉफी घेताना तुळजा भिंतीकडे बघत होती. तिथं तोच पेपरातला फोटो मोठा करून सोनेरी चौकटीत लावला होता. तिचा पेला हातात तसाच राहिला. मग ती म्हणाली, “मामा, ह्या फोटोची एक प्रत मज मिळेल कां? एवढीच थोर.”

व्यासरावांचा आनंद गगनात मावेना. “पाहिलें, पुणेंकर? अस्का राग गेला पोरीचा!” प्रत दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरबरोबर आली.

मला तोवर काही कळलं नव्हतं. प्रोफेसरांच्या खोलीत दार लावून तुळजानं फोटो टेबलावर ठेवला आणि भिंग मागितलं. हा फोटो ठोका पडायच्या आधीचा. म्हणजे दगड अजून शाबूत होता. नमुना गेला होता, पण त्याचं चित्र असलं तर तज्ज्ञांना निदान लिहिता आलं असतं, वाद घालता आला असता, असं काही होतं एवढं तरी जगाला सांगता आलं असतं. त्यासाठी ही मुलगी झोपाळ्यापुढे तीनदा बोलली नव्हती. पण तिथं उभी असताना तिला ते दिसलं होतं.

तिनं वाकून पाहिलं. मग प्रोफेसरांनी. मग मी. मणी कारागीर चांगला; पाल्याची एकेक शीर उमटली होती. हाताच्या या बाजूला डहाळी, त्या बाजूला बोंड. मध्ये व्यासरावांचा डावा हात. आधारासाठी त्यांनी तो काठावर टेकला होता, पाची बोटं पसरून, आणि सांधा बरोबर तळव्याखाली होता. अंगठ्याजवळची अंगठीसुद्धा लख्ख आली होती.

प्रोफेसर खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. तुळजा मात्र उभीच. थोड्या वेळानं तिनं भिंग जागेवर ठेवलं.

उमेदवारी चालू राहिली. पुढची पुष्कळ वर्षं, दर उन्हाळ्यात चार मुलं, लाल अक्षरांच्या टोप्या घालून, त्या टेकड्यांवर आणि पाटांतून हिंडली. त्यांतली काही सर्वेक्षणात मोठ्या जागांवर गेली. कँटीनमध्ये टेबलं पुसणारा तो मुलगा पुढे ओरिसात खनिजांच्या कामावर अधिकारी झाला आणि दर दिवाळीला व्यासरावांना मिठाई पाठवी. हे सगळं व्यासरावांनी केलं, यात खोटं काही नाही. मी हे मान्य करतो आणि मान्य करताना मला त्रास होतो.

तुळजाला सर्वेक्षणात घेतलं नाही. बाईमाणूस तंबूत कसं राहणार, असं मुलाखतीत विचारलं. ती तिरुचिरापल्लीला मुलींच्या कॉलेजात शिकवू लागली आणि सुट्टीत स्वतःच्या पगारातून पोरींना अरियलूरच्या चुनखडीत घेऊन जाऊ लागली. एकदा मद्रासला आली तेव्हा मी तिला विचारलं की त्या माणसाचा राग येत नाही का.

“येतो की, सार,” ती म्हणाली. “अजून येतो. पण माझ्या रागानें कोणी पोर बसमध्यें चढत नाहीं. त्यांच्या पैशानें चढतें. काय करावें?” आणि लगेच विचारलं, “ह्या वर्षीं मुली किती घेतल्या?” मी म्हटलं, एक. “अय्यो, एकच?” ती म्हणाली. “प्रोफेसरांस सांगा, मणीस सांगा म्हणावें.”

व्यासरावांना मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात. अर्धांगाचा झटका आला होता. प्रोफेसर निवृत्त झाले होते, म्हणून विभागाच्या वतीनं मोसंबी घेऊन मी गेलो. स्वतंत्र खोली होती. खिडकीतून सेंट्रल स्टेशनाचा मनोरा दिसत होता. पलंगावर तो बुटका गोरा देह आणखी आखडला होता. कपाळ कोरं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघताच त्यांनी काहीतरी सांगायची धडपड सुरू केली. शब्द लागत नव्हते, थुंकी गळत होती. मला वाटलं पाणी हवं असेल. मी पेला पुढे केला तर त्यांनी डाव्या हातानं तो लोटला.

“त्यांस पाणी नको,” मामी म्हणाली. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिनं पलंगाच्या डोक्यावरच्या भिंतीकडे दाखवलं.

तिथं संगमरवराची एक पाटी बसवलेली होती. ही खोली गोडाऊन स्ट्रीटच्या कुणा मिरच्यांच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधून दिली होती. पाटीवर त्या बाईंचं नाव होतं, मोठ्या सोनेरी अक्षरांत.

“आल्यापासून हेंच चाललें आहे,” मामी हळू आवाजात म्हणाली. “दुसरी खोली मोकळी नाहीं. मी रोज त्यावर टॉवेल अडकवितें, नर्स सकाळीं काढितें. मज हात पुरत नाहीं, स्टुलावर चढावें लागतें. तुम्ही उंच आहां.”

तिनं उशाजवळचा पांढरा टॉवेल उचलून माझ्यापुढे धरला. व्यासराव माझ्याकडे बघत होते. त्यांचा एक डोळा मिटत नव्हता. मोटारीतून उतरताना, चेक ठेवताना, झोपाळ्यावरून बघताना त्या डोळ्यांत जे असे ते आता नव्हतं. त्यांत फक्त घाई होती.

मी टॉवेल घेतला. पाटीच्या वर दोन खिळे होते, मामीनंच कुणाकडून तरी ठोकवून घेतले असावेत. त्यांत मी टॉवेलाची टोकं अडकवली आणि अक्षरं झाकली. खालून एक लांब श्वास सोडल्याचा आवाज आला.

मोसंबी टेबलावर ठेवून मी निघालो. दाराशी वळून पाहिलं तर पंख्याच्या वाऱ्यानं टॉवेलाचा खालचा काठ उडत होता, मिरच्यावाल्याच्या आईच्या नावाचं शेवटचं अक्षर दिसे आणि जाई, दिसे आणि जाई, आणि व्यासराव मान वाकडी करून, सगळा जीव एकवटून, तेवढ्याकडेच बघत होते. मामी स्टूल ओढत उठली.